तिसरी ओळ

बायको मृदुला गेल्यावर चौथ्या महिन्यात येवलेकरांच्या घरातल्या सगळ्या वस्तूंवर अक्षरं उमटली. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालणारा माणूस टोचणीने जशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढतो, तशी. सकाळी दूध तापवायला पातेलं उचललं तेव्हा येवलेकरांना ती बुडाशी दिसली. तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत, पातेल्याला शेवटचा हात कुणाचा आणि कधी लागला ते. दुसऱ्या ओळीत पातेल्याचा आकार. तिसऱ्या ओळीत नुसती एक तारीख आणि वेळ.

पहिली ओळ म्हणत होती, सुहास, म्हणजे ते स्वतः, काल, सकाळी सात दहा. ते वाचत असतानाच ठिपके हलले आणि कालचं आज झालं.

येवलेकर घाबरले नाहीत. सव्वीस वर्षं ते हेच काम करत होते. नाशिकच्या एका लहान कंपनीत ते एक लायब्ररी तपासायचे. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमना फायलींशी बोलता यावं म्हणून बनवलेली अवजारांची पेटी म्हणा. फायलीत मजकूर असतो तो वेगळा. फाइल स्वतःबद्दलही थोडी माहिती बाळगून असते, आपण केवढ्या आहोत, आपल्याला शेवटचं कधी उघडलं, आपल्यात कधी बदल झाला. ही माहिती लायब्ररी खरी सांगते की नाही ते बघणं हे येवलेकरांचं काम. एक खोटी फाइल बनवायची, तिला उघडायची, तारीख विचारायची, बरोबर आली की फाइल पुसून टाकायची. अशा तीनशेच्या वर टेस्ट त्यांनी लिहिल्या होत्या. खऱ्या फायलीवर टेस्ट कधीही करायची नाही, हे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे.

त्यामुळे त्यांना एक गोष्ट लगेच कळली. नुसतं बघितलं तर तारीख बदलत नाही. हात लावला की बदलते.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि घरभर वाकून वाचत हिंडले. गाळणं, रिमोट, टॉवेल, सगळ्यांवर सुहास होता. शिलाई मशीनवर मृदुला होती, सतरा नोव्हेंबर, दुपारी साडेतीन. चष्म्याच्या डबीवर मृदुला. मेतकुटाच्या बरणीवर मृदुला. अर्ध्यावर सोडलेल्या शब्दकोड्याच्या पुरवणीवर, खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीवर, गॅलरीच्या खिडकीच्या कडीवर मृदुला. खिडकी तिने लावून घेतली होती, थंडी वाजत होती म्हणून. एकतीस वस्तू निघाल्या.

त्या दिवसापासून ती खिडकी उघडली नाही.

आठवड्याभराने येवलेकरांच्या नडगीला शिलाई मशीन लागलं. इतकी वर्षं ते त्याच वाटेने मोरीकडे जात होते आणि कधी लागलं नव्हतं. नडगी लागली तरी पहिली ओळ मृदुलाच राहिली, ती फक्त हातालाच हलायची. त्यांनी वाकून दुसरी ओळ वाचली. आकार वाढला होता. मग त्यांनी एकतीसही वस्तू वाचल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचल्या. ज्या वस्तूला कुणाचाही हात लागत नव्हता ती रोज करंगळीच्या नखाएवढी वाढत होती. त्यांचं गाळणं, त्यांचा टॉवेल होते तेवढेच राहिले.

पुढे पुढे नखाची बोटं झाली आणि बोटांची वीत. चष्म्याची डबी ट्रंकेएवढी झाली. मेतकुटाची बरणी ओट्यावर मावेना, तशी ती आपली आपण खाली उतरून उभी राहिली. पुरवणीने सोफा झाकला आणि तिची कडा जमिनीला टेकली. त्यावर मृदुलाने लिहिलेली अक्षरं आता वितीवितीची होती. आडवे सात, पाच अक्षरी, पहिली दोन भरलेली. येवलेकर पॅसेजमध्ये कुशीवर झोपू लागले.

वाढ थांबवायला प्रत्येक वस्तूला एकदा बोट लावणं पुरे होतं. हे त्यांना कळत होतं. लायब्ररीत एक सोय होती तीही त्यांना आठवत होती. फायलीवर हवी ती जुनी तारीख बसवता येते. फाइल आज उघडली तरी तिच्यावर परवाची तारीख टाकता येते. ती टेस्ट त्यांनीच लिहिली होती.

एका दुपारी ते तेलाच्या बाटलीपुढे बसले. बाटली तेव्हा पाण्याच्या कळशीएवढी होती. तळाशी बोटभर तेल उरलं होतं. आधी स्वतःच्या एखाद्या पेनवर करून बघायला हवं होतं. पण पेनवर मृदुला नव्हती, मग परत बसवायचं काय, असा त्यांनी विचार केला आणि झाकण फिरवलं.

वास आला. तो येऊन गेला.

बाटली मुठीएवढी झाली. पहिली ओळ सुहास झाली, आज झाली. त्यांनी गोधडीची सुई घेतली आणि ठिपका ठिपका टोचत लिहिलं, मृदुला, अठरा नोव्हेंबर, सकाळी आठ. ते बसलं. सुहास पुसला गेला. येवलेकरांनी मोठा श्वास घेतला आणि मग त्यांचं लक्ष तिसऱ्या ओळीकडे गेलं. तिथे आजची तारीख आणि आत्ताची वेळ होती.

तिसरी ओळ ही वरच्या दोन ओळींत कुणी फेरफार केला, त्या वेळेची असते. ती कुणालाही मागे नेता येत नाही. लायब्ररीतही नेता येत नाही. नेता येऊ नये यासाठी येवलेकरांनी टेस्ट लिहिली होती, आणि ती पास झाली त्या दिवशी घरी पेढे आणले होते. मृदुलाने विचारलं होतं, "कुणाला मुलगा झाला?"

तीस वस्तू उरल्या.

तृप्ती गांगुर्डे त्यांच्या टीमची प्रमुख. वयाने त्यांच्या निम्मी. दोन आठवडे सर ऑफिसला आले नाहीत म्हणून ती लॅपटॉप घेऊन घरी आली. येवलेकरांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच तिला थांबवलं. आत जागा नव्हती.

ती वर बघत म्हणाली, "सर, तुम्ही उंच झालात का?"

"घर खाली आलंय."

"आणि हे केस? बँडबिंड काढताय की काय?"

"न्हाव्याकडे जायचं राहिलंय. तू बोल."

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि लॅपटॉप उघडला. "तुमची एक टेस्ट पडतेय. फाइल बनवतो, कुणी तिला हात लावत नाही, तरी आकार वाढतो."

"किती?"

"रोज थोडा. एकदा उघडली की परत पहिल्यासारखी."

"मग लायब्ररी बरोबर आहे. टेस्ट चुकलीय."

"असं क्लायंटला सांगू? की सर म्हणाले, तुमच्या फायलींना कुणी विचारत नाही म्हणून त्या फुगल्यात?"

"सांग," येवलेकर म्हणाले आणि स्क्रीन बघायला वाकले. तेव्हा त्यांची मान तिच्या डोळ्यांसमोर आली.

"सर, तुमच्या मानेवर गोंदलंय काहीतरी." तिने बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस!"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. तृप्तीने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"नुसतं वाच," येवलेकर म्हणाले.

तिने केस उडावेत म्हणून लांबून फुंकर मारली आणि वाचलं. "मृदुला. एकोणीस नोव्हेंबर. सकाळी सहा दहा. उंची, सहा फूट नऊ इंच."

येवलेकर मुळात साडेपाच फूट होते. पण त्यांनी फक्त पहिली ओळ ऐकली. त्या सकाळी दवाखान्यात ते खुर्चीवरून उठले होते. मृदुलाने सलाइन लावलेला हात उचलला, बोटाने जवळ बोलावलं आणि त्यांची मागची कॉलर सरळ केली. "असा जाणार आहेस खाली?" म्हणाली. ते खाली औषधाच्या दुकानात गेले. पुढे दुकानदाराने सुट्ट्यासाठी थांबवलं, लिफ्टला रांग होती, ते जिन्याने वर आले.

नंतर दहा दिवस सुतक. सुतकात कुणी शिवत नाही. लोक आले, लांबूनच हात जोडून गेले. दहाव्याला डोकं करायचं त्यांनी नाकारलं होतं, कारण मृदुलाने बजावून ठेवलं होतं, माझ्यामागे गोटा करून हिंडू नकोस, तू कोहळ्यासारखा दिसशील. सुतक फिटलं तरी पुढे कुणाला त्यांना हात लावायचं काही कारण पडलं नाही. दुधाची पिशवी दाराला अडकवलेली असायची.

"माझ्यावरही आहे," तृप्ती म्हणाली आणि कोपर वळवून दाखवलं. "रिक्षातली बाई, आत्ता, तीन पंचवीस. तुमचं किती छान आहे, सर."

ती उठली. जाताना जिन्याच्या भिंतीला अंग घासत, त्यांच्यापासून हातभर लांबून गेली. खाली वळणावर थांबून म्हणाली, "टेस्ट मी सध्या बंद करून ठेवते."

शुक्रवारी सोसायटीचे सेक्रेटरी कुलथे आले.

"येवलेकर, तुमच्या वरच्यांच्या हॉलची लादी फुगलीय. त्यांच्या टीपॉयवरचा चहा घरंगळत भिंतीला जातो. तुमच्याकडे काय वाढतंय?"

"शिलाई मशीन."

"मग हलवा."

"हात लावता येत नाही."

कुलथ्यांनी दारातून आत मान घातली. मशीनचं चाक छताला टेकलं होतं. "अहो, मशीन स्लॅबपेक्षा उंच नसावं असा नियम नाही आपल्याकडे, म्हणून सभ्यपणे सांगतोय. रविवारी गवंडी आणतो. तो हात लावेल."

"रविवारी नको."

"मग तुम्ही लावा," कुलथे म्हणाले. "कुणीतरी लावायलाच हवा ना." हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं.

शनिवारी बारा वाजता येवलेकरांच्या सासूबाई आल्या. अनसूयाबाई, वय एक्याऐंशी, राहणार सिन्नर. एसटीने एकट्या आल्या. रिक्षावाल्याने टप मागे दुमडलं होतं तरी त्यांचे गुडघे बाहेर होते. एकेकाळी त्या येवलेकरांच्या कोपराला लागायच्या. आता त्या त्यांच्या खांद्याला लागत होत्या, आणि येवलेकर स्वतः दारात दुमडून उभे होते.

"आई, कळवायचं तरी. मी स्टँडवर आलो असतो."

"कशात बसून आला असता?" त्यांनी जावयाला आपादमस्तक पाहिलं. "कंडक्टर म्हणाला, आजी, दोन तिकिटं घ्या. मी म्हटलं, माणूस मोज बाबा, पातळ मोजू नकोस."

त्या आडव्या होऊन आत आल्या. खुर्ची त्यांना पुरली नसती. बरणी आणि दाराची चौकट यांच्यामध्ये त्या जमिनीवर बसल्या, पाठ भिंतीला लावून. येवलेकर समोर बसले, मशीनच्या पायट्याला टेकून. दोघांच्या मध्ये हातभर जागा राहिली. अनसूयाबाईंनी पदर बाजूला करून उजवं मनगट पुढे केलं. मृदुला, दोन नोव्हेंबर, सकाळी पाच पंचेचाळीस.

"पाडव्याची आंघोळ," त्या म्हणाल्या. "मनगट लचकलं होतं माझं. तेल चोळून दिलं तिने. तेव्हापासून मी कुणाचा हात धरत नाही. सून म्हणते, आंघोळ घालते. मी आतून कडी लावते. लेकाला वाटतं मी रुसलेय."

"आणि पणतू?"

"झाला. माघात झाला. गोरा आहे म्हणतात." त्या थोडा वेळ पुरवणीकडे बघत राहिल्या. "आणला होता माझ्यापुढे. म्हटलं, खाली ठेवा त्याला, मी बघते. हात पाय उडवत होता. मांडीवर नाही घेतला."

वर टाचेचा आवाज झाला. छतातून थोडी माती मशीनच्या चाकावर पडली.

"मी कामाने आलेय, सुहासराव. लेक म्हणायची, ह्यांचं कामच तारखांचं आहे. मग मला सांगा, ही पक्की करता येते का? की मुलाला घ्यावं, आणि ही राहावी."

"मागची तारीख बसवता येते. सुईने."

"मग बसवा."

"तिसऱ्या ओळीत राहतं, बसवली म्हणून. ती पुसता येत नाही."

"तिसरी ओळ कोण वाचतं?"

"मी वाचतो."

"मी चष्म्याशिवाय काही वाचत नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मला माहीत असेल."

"हो."

"आणि हिची प्रत काढली तर? तुम्ही काढता तशी?"

"प्रतीवर आजची तारीख येते, आई."

"मग एवढी वर्षं करता तरी काय तुम्ही?"

येवलेकरांनी निळी बाटली दाखवली. अनसूयाबाईंनी ती हातात घेतली, झाकण काढून वास घेतला, आणि तिच्यावर अनसूया, आज असं झालं. "तुम्ही उघडलीत ही?"

"चूक झाली."

"टोचलंय तर किती वाकडं. पहिलीतल्या पोरासारखं." पण त्यांनी बाटली फेकली नाही. पदराने पुसली आणि शेजारी ठेवली. "वाका जरा. तुमची बघू."

ते वाकले. त्यांनी चष्मा लावून, हात न लावता वाचलं. "एकोणीस," त्या म्हणाल्या. "तुमची सतरा दिवसांनी ताजी आहे." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "काय केलं होतं तिने?"

"कॉलर नीट केली."

"लहानपणी बाहुलीची करायची. बाहुलीच्या झग्याला कॉलर नव्हती, तरी करायची. मृदुला म्हणजे..."

नाव निघालं तसा येवलेकरांच्या पाठीला पायटा रुतला. त्यांनी मागे पाहिलं. मशीनवरची दुसरी ओळ सरकत होती. आजवर ती नखाने सरकत आली होती, आता बोटाने सरकत होती. बरणीनेही जागा घेतली. अनसूयाबाईंच्या खांद्याने चौकट दाबली गेली आणि बिजागरीचा एक स्क्रू निघून घरंगळला.

"तिचं नाव घेतलं की होतं वाटतं," येवलेकर म्हणाले.

"मग घ्यायचं नाही का?"

दोघांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, अनसूयाबाईंनी आणलेला. त्यांनी भाकरी मधल्या फरशीवर ठेवायची, हात मागे घ्यायचा, मग येवलेकरांनी उचलायची. पाणीही तसंच. पण तिचा विषय टाळणं काही जमेना. भाकरीवरून तिच्या भाकरीची आठवण निघाली, ती कशी एका बाजूने जाड व्हायची. ठेच्यावरून लग्नातल्या पंगतीची निघाली. येवलेकरांनी चार महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, सुट्ट्या पैशांचं, लिफ्टच्या रांगेचं, जिन्याचं. अनसूयाबाईंनी तिच्या गोवराचं सांगितलं. त्या रडल्या आणि मध्येच हसल्या. प्रत्येक वेळी पुरवणी थोडी पुढे आली, कडी थोडी लांब झाली, आणि दोघांची डोकी छताकडे गेली. दोघांच्या मधली हातभर जागा आता वीतभर राहिली होती, आणि ते गुडघे आखडून बसले होते.

साडेतीनला अनसूयाबाई म्हणाल्या, "चारची गाडी आहे. निघते."

"दार लहान आहे, आई."

"आले तशी जाईन."

त्यांनी दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि जोर केला. अर्ध्या उठल्या, डोकं स्लॅबला लागलं, बसल्या. पुन्हा उठल्या. या खेपेला बरणी त्यांच्या कुशीत आली आणि खांदा चौकटीत अडकला. त्यांचा श्वास वर लागला. ओठ पांढरे पडले. येवलेकर मशीन आणि भिंतीमध्ये इतके घट्ट बसले होते की त्यांचा फक्त उजवा हात मोकळा होता.

"बरणीला हात लावू?" ते म्हणाले. "लहान होईल."

"नको. मेतकूट आहे तिचं."

"मग मशीनला?"

"नको. तेही तिचंच आहे."

त्यांनी तिसऱ्यांदा जोर केला. पाय घसरला आणि त्या एका कुशीवर झुकल्या, चौकट आणि बरणीच्या मध्ये, आणि तशाच राहिल्या. तोंड उघडं होतं. आत जाणारी हवा पुरत नव्हती. बाहेर जिन्यात कुलथे कुणाला तरी विचारत होते, हा आवाज कसला.

"सुहासराव," त्या म्हणाल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला.

"दोन्ही जातील, आई. तुमची आणि माझी."

"माहीत आहे."

"एकदा वाचून घेऊ?"

"घ्या. मलाही सांगा."

त्यांचं मनगट आता परातीएवढं रुंद होतं. अक्षरं लांबूनही वाचता येत होती. येवलेकरांनी मोठ्याने वाचलं, नाव, तारीख, सकाळ, पाच पंचेचाळीस. अनसूयाबाईंनी प्रत्येक शब्दाला मान हलवली. मग मान हलवायचं थांबलं आणि त्या धापा टाकत नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

येवलेकरांनी हात उचलला. त्याची सावली मृदुलाच्या आईच्या मनगटावर पडली आणि तारखेतला दोन झाकला गेला.